होम बेकिंगसाठी हेवी ड्युटी स्टँड मिक्सर घ्यायचाय, १२०० वॅटचा घेऊ की १५०० वॅटचा?

दोन्ही नको. म्हणजे वॅट बघून तर अजिबातच नको. तुम्ही लिहिलंय की आठवड्याला दोन किलो मैद्याचे पाव आणि ब्रेड करायचेत, बजेट २० हजार, एक ५ लिटर १२०० वॅटचं मशीन बघितलंय आणि एक ७ लिटर १५०० वॅटचं, आणि त्यात "जास्त ताकदीचं" कुठलं. या दोन आकड्यांवरून ताकद कळत नाही. आमच्या घरात याच आकड्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात चरईत राहते, ऑर्डरप्रमाणे लादी पाव आणि मिल्क ब्रेड करून देते. माहेर लोकमान्य नगरचं, बाबांचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप होतं, लेथ, मिलिंग आणि गिअर कटिंगचं जॉबवर्क. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे, त्यामुळे गिअर म्हणजे काय आणि तो का तुटतो हे मला कुणी यूट्यूबवरून शिकवायची गरज नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा वाद "बायकांना मशीनमधलं काय कळतं" इथूनच सुरू झालाय.

तर मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा मला बेकरी मशिनरीवाल्याकडचा छोटा प्लॅनेटरी हवा होता, म्हणजे ज्यात भांडं जागेवर राहतं आणि हुक स्वतःभोवती फिरत भांड्यात गोल फिरतो तो मिक्सर. दिसायला ओबडधोबड, राखाडी रंग, वॅट कमी, किंमत जास्त. आमचे थोरले भाऊजी म्हणाले, वेडी आहेस का, त्याच्या निम्म्या पैशात ऑनलाइन १५०० वॅट मिळतोय, सात लिटरचं भांडं, सहा स्पीड, वर काचेचा ज्यूसर फ्री. मी म्हटलं भाऊजी, याचा गिअरबॉक्स कसला आहे ते कुठेच लिहिलेलं नाहीये. तर म्हणाले, दीड हजार वॅटला गिअरबॉक्स विचारायचा नसतो. मोठे आहेत, घरात त्यांचा शब्द चालतो, आले घेऊन. लाल चकचकीत. केकचं बॅटर, क्रीम, बटर फेटणं यात खरंच झकास चालायचं, ते नाही म्हणत नाही मी. पावाचं पीठ घातलं की मात्र वरचं डोकं उचकायचं आणि अख्खं मशीन ओट्यावरून सरकत सिंककडे जायचं, एका हाताने धरूनच ठेवायला लागायचं.

मग सासूबाईंची पंचाहत्तरी आली. पावभाजीचा बेत, पाव घरचेच करायचे हे मीच ठरवलेलं. त्या मशीनच्या पुस्तिकेत छापलंय, मैदा जास्तीत जास्त दीड किलो. मी एका घाण्याला १ किलो २०० ग्रॅम घेतला, पाणी-दूध-लोणी धरून गोळा दोन किलोच्या थोडा वर. स्पीड एक. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आतून कटकट असा आवाज आला, मग घर्रर्र, आणि मोटर जोरात फिरतेय पण पीठ मळणारा हुक जागेवर उभा. करपल्याचा वास नाही, धूर नाही. मी बटण बंद केलं आणि उरलेलं सगळं हाताने मळलं, जाऊबाई मदतीला आल्या, पाव वेळेवर झाले आणि चांगले झाले.

पण जेवताना सगळ्या पाहुण्यांसमोर भाऊजी काय म्हणाले, तर "एवढी दणकट मशीन, हिने आठवडाभर राबवून राबवून मोडली, मशीन झाली तरी तिलाही जीव असतो." सगळे हसले. मी पुस्तिकेतल्या मापाच्या आत पीठ घातलेलं, एका स्पीडवर चालवलेलं, मध्ये थांबवलेलंसुद्धा. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचं कारणही नाही.

सोमवारी मशीन पिशवीत घालून वागळेला नेलं. बाबा आता नाहीत, वर्कशॉप त्यांचा जुना टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, चालवतो, मी त्यांना काकाच म्हणते. खालची प्लेट काढली. मोटर एकदम ठणठणीत, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) नव्यासारखे, वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, डागसुद्धा नाही. आणि मधोमध एक पांढरा नायलॉनचा गिअर, रुपयाच्या चार नाण्यांची चवड ठेवावी एवढाच जाड, त्याचे एका बाजूचे दाते चाकूने तासल्यासारखे सपाट झालेले आणि ग्रीसमध्ये त्याचा पांढरा किस मिसळलेला. काकांनी तो किस बोटावर घेऊन मला दाखवला. त्या गिअरला पकडून ठेवणारी पिनही पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये होती, आणि पीठ घट्ट झालं की तो पत्रा वाकून दोन गिअर एकमेकांपासून लांब जाणार, दात अर्धाच पकडणार, मग तासला जाणारच. गिअरचं प्लास्टिक एकवेळ चालेल, खरा दोष त्या पत्र्याचा.

आता वॅटचं. मशीनच्या पोटाखालची नेमप्लेट वाचली तर तिथे १५०० च्या पुढे बारीक अक्षरात "मॅक्स". बरं, १५०० भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि त्या मशीनला पिन होती ६ अँपिअरची, छोटी. म्हणजे बनवणाऱ्यालाच माहीत होतं की हे इतकं कधी सलग खेचणार नाही. ७४६ वॅटचा एक हॉर्सपॉवर, त्या हिशोबाने १५०० म्हणजे दोन हॉर्सपॉवर. दोन हॉर्सपॉवरवर वागळेत लेथ चालते हो, लोखंड कापते. तुमच्या ओट्यावरचं प्लास्टिकचं मशीन तेवढं काम करणार आहे का? वॅट म्हणजे मशीन किती खातं, राबतं किती ते वेगळं. या स्वस्त मशीनची मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते आणि हुक फिरवायचा असतो शंभरेक फेऱ्यांनी, म्हणजे मधे वेग उतरवून जोर वाढवणारा जो गिअरबॉक्स आहे तोच खरा मिक्सर, आणि नेमका त्याच्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं.

उलटं उदाहरण देते. अमेरिकेतल्या हॉबार्ट कंपनीचा ए-२०० हा २० क्वार्टचा, म्हणजे जवळजवळ १९ लिटरचा मिक्सर बेकऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललाय, त्याची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. पावणेचारशे वॅटसुद्धा नाही. याच हॉबार्टने १९१९ मध्ये घरासाठी छोटा मिक्सर काढला, तोच किचनएड. आजही किचनएडचा ४.८ लिटरचा आर्टिसन ३०० वॅटचा आहे. आता हॉबार्टचा आकडा मोटर बाहेर किती देते त्याचा आणि खोक्यावरचा आकडा ती आत किती घेते त्याचा, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही, हे मान्य. पण मग खोक्यावरच्या आकड्यावर मशीन निवडूही नये ना. भाऊजींना मी हे कागदावर लिहून दाखवलं, ते म्हणाले अमेरिकेची वीज वेगळी असते. वीज वेगळी आहे हे बरोबर, पण हॉर्सपॉवर तिथेही ७४६ वॅटचाच.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, की गिअरच तुटला ना, मग त्या काकांकडून स्टीलचा करून बसव, जन्मात तुटणार नाही. काकांनी साफ नकार दिला आणि का ते नीट ऐका, कारण हे तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. गिअरबॉक्समध्ये एक भाग मुद्दाम कच्चा ठेवतात. भार झेपेना झाला की तो जातो आणि मोटर वाचते, घरातल्या फ्यूजचं जे काम तेच त्याचं. चांगल्या मशीनमध्येही असा गिअर असतो, फक्त तो सुटा मिळतो आणि तासाभरात बदलता येतो. तो स्टीलचा केलात तर पुढच्या वेळी एकतर पत्रा फाटणार नाहीतर वाइंडिंग जळणार. आमच्या मशीनचा गिअर मात्र कुठेच मिळेना. ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणाले पार्ट येत नाही, नवीन मॉडेलवर डिस्काउंट देतो. मी घेतलं नाही. काकांनी नायलॉनच्याच रॉडमधून नवा गिअर कापून दिला, आता ते मशीन माझ्या भाचीकडे केक आणि क्रीमसाठी चालू आहे. पीठ त्यात घालायचं नाही असं तिला बजावलंय.

तेव्हा तुम्ही दुकानात काय विचारायचं ते सांगते. पहिलं, एका वेळी किती किलो पीठ मळतं, आणि कसलं पीठ. लिटर सांगू देऊ नका, लिटर हे भांडं काठोकाठ भरल्याचं माप आहे. बॅटरने सात लिटरचं भांडं बरंचसं भरलं तर चालेल, पावाच्या पिठाने निम्मं भरलं तरी पुष्कळ. त्यातही मैद्याला ६० टक्के पाणी असलेला घट्ट गोळा आणि ७५ टक्के पाण्याचा सैल गोळा यात मशीनसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे, पिझ्झा बेसचं घट्ट पीठही जड जातं. दुसरं, गिअर, ब्रश आणि हुक सुटे मिळतात का आणि ठाण्या-मुंबईत कुठे. फोन नंबर घ्या, दुकानात उभं राहूनच त्या नंबरवर फोन लावा, गिअरची किंमत विचारा. त्याला किंमत सांगता आली तर मशीन घ्या. तिसरं, डोकं लॉक करून हाताने वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखडलं तर पीठ पडल्यावर दुप्पट खडखडणार. चौथं, वजन. हलकं मशीन पिठाने ओट्यावर सरकायला लागतं. उचलताना कंबर दुखली तर आनंद माना, फक्त मग ते ओट्यावर कायमचं राहणार हे धरून चला, रोज कपाटातून काढ-घाल होणार नाही. वरच्या कपाटाखाली डोकं उचलायला जागा उरते का तेही टेपने मोजून घ्या.

मी शेवटी मला पहिल्यापासून हवा होता तोच घेतला, गिअरवाला प्लॅनेटरी, बीडाची बॉडी, तीन स्पीडचा दांडा. दोन किलोचा गोळा घातला तरी आवाजही बदलत नाही. भाऊजींनी तो चालताना बघितलाय, काही बोलले नाहीत, आणि त्यानंतरही त्यांनी त्यांच्या मुलीला १४०० वॅटचा घेऊन दिला.

पण माझं बघून लगेच तसाच घेऊ नका. त्याला आवाज आहे, सकाळी सहाला लावला की खालच्या मजल्यावर कळतं. स्पीड बदलायला दर वेळी थांबवावं लागतं, चालू असताना दांडा ओढलात तर गिअरचे दात जातील. दोन अंड्यांचं पांढरं फेटायचं असेल तर तो कामाचा नाही, हुकही अर्ध्या किलोच्या खालचं पीठ नीट पकडत नाही. केक जास्त आणि पाव कधीतरी असं असेल तर साधा चांगल्या सर्व्हिसचा घरगुती पुरेल. किचनएड तुमच्या बजेटबाहेर जाईल, आणि तोही पिठासाठी दोन नंबरच्या स्पीडच्या वर चालवायचा नाही असं कंपनीच सांगते. कुणी अमेरिकेहून आणून देतो म्हणालं तर नको म्हणा, तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०, मग जड ट्रान्सफॉर्मर आणि वॉरंटी नाही.

आणि कुठलंही मशीन असो, मैदा आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग यीस्ट-मीठ घालून मळा. ग्लुटेन आपोआप धरायला लागतं आणि मशीनचा निम्मा त्रास वाचतो. मे महिन्यात पाणी फ्रिजमधलंच घ्या, मळताना घर्षणाने पीठ तापतं, आपल्याकडे आधीच खोलीत ३२ डिग्री असतं, पीठ २६ च्या आसपास राहिलं तर पाव नीट फुगतो. चक्कीचं गव्हाचं पीठ वापरणार असाल तर ते पाणी जास्त पितं आणि गोळा चिकट होतो, त्याचं माप मैद्यावरून काढू नका.

तुम्ही आठवड्याला दोन किलो म्हणताय ते एकाच वेळी दोन किलो की रोज थोडं थोडं, ते लिहिलेलं नाही. रोज पाव किलो-अर्धा किलो असेल तर १२०० वालं जे बघितलंय त्याचा गिअर मिळतो का तेवढं विचारून मला खाली कळवा, मळण्याचं माप मग बघून सांगते.