प्लेअर घेतला, आता ॲड-ऑनही घ्यायचं का?

गाणी ऐकण्याच्या सॉफ्टवेअरच्या किमती आणि त्यातल्या जादा खरेदीबद्दल, म्हणजे ॲड-ऑनबद्दल, बरीच पत्रं आली आहेत. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण पैसे वाया जाण्याच्या सगळ्यात जास्त जागा तिथेच आहेत.

प्रश्न: अँड्रॉइड फोनसाठी साडेतीन हजारांचा यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचं हेडफोनवर ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणारं छोटं उपकरण) घेतला. त्यावर ऐकायला यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे ॲप विकत घेतलं. आता आत पाहतो तर एमक्यूए (उच्च दर्जाचा आवाज घडी घालून फाइलमध्ये बांधण्याचं तंत्र) वेगळं, पॅरामेट्रिक इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करायची सोय) वेगळा, प्रत्येकाचे पैसे निराळे. हे सगळं घेतल्याशिवाय डॅकचा उपयोग नाही का? (सांगली)

उत्तर: उपयोग आहे आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच भरले आहेत. अँड्रॉइडमध्ये सगळ्या ॲपचे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि बहुतेक फोनांत तो ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) चालतो. सीडीवरून घेतलेली फाइल ४४.१ची असते, म्हणजे वाटेत तिचं रूपांतर होतं. हे ॲप स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर वापरून मिक्सरला बगल देतं. मूळ किंमत आहे ती ह्याची.

ते खरंच होतंय का, हे पाच मिनिटांत तपासता येतं. डॅक जोडा, 'यूएसबी उपकरण वापरू द्यायचं का' असं फोन विचारेल, त्याला हो म्हणा. ॲपमध्ये बिट-परफेक्ट (फाइल जराही न बदलता डॅककडे पाठवण्याची सोय) चालू करा. मग एक ४४.१ची आणि एक ९६ची फाइल लागोपाठ लावा. डॅककडे जाणारा दर ॲपच्या पडद्यावर दिसतो. काही डॅकच्या दिव्याचा रंगही बदलतो. दोन्ही फाइलींना ४८च दिसत असेल तर आवाज अजून मिक्सरमधूनच जातोय. बहुधा परवानगी नाकारली गेलेली असते किंवा दुसऱ्या ॲपने डॅक धरून ठेवलेला असतो. ते ॲप बंद करा, डॅक काढून पुन्हा लावा.

इथे एक धोका आहे, तो आधी वाचा. बिट-परफेक्टमध्ये ॲपचं सॉफ्टवेअर व्हॉल्यूम काम करत नाही. डॅकमध्ये स्वतःचं हार्डवेअर व्हॉल्यूम नसेल तर आवाज एकदम पूर्ण ताकदीने येतो. पहिल्यांदा गाणं लावताना हेडफोन कानात घालू नका, टेबलावर ठेवून ऐका.

आता ॲड-ऑन. एमक्यूए घेऊ नका. ते फक्त एमक्यूएमध्ये बांधलेल्या फाइली उलगडतं. ते तंत्र काढणारी ब्रिटिश कंपनी एप्रिल २०२३मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेली, मग कॅनडाच्या लेनब्रूकने ते विकत घेतलं. ज्या टायडल ह्या ऑनलाइन गाण्यांच्या सेवेमुळे ते गाजलं, त्या टायडलनेही जुलै २०२४मध्ये ते सोडून साधं फ्लॅक (दर्जा न घटवता फाइल लहान करणारं स्वरूप) धरलं. टायडल भारतात अधिकृतपणे मिळतही नाही. तुमच्याकडे एखादी एमक्यूए फाइल असलीच तर ती ह्या ॲड-ऑनशिवायही वाजते, फक्त पूर्ण उलगडत नाही.

पॅरामेट्रिक इक्वलायझरची गोष्ट वेगळी. दहा पट्ट्यांचा साधा इक्वलायझर ॲपमध्ये आहेच. हेडफोनच्या मोजमापावरून काढलेले आकडे तुम्हाला जसेच्या तसे भरायचे असतील, तरच पॅरामेट्रिक लागतो. त्यात प्रत्येक पट्ट्याची वारंवारता, वाढ आणि रुंदी हाताने देता येते. उदाहरणार्थ १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचा सगळा खर्ज एकत्र उचलणारा पट्टा), वाढ ५.५ डेसिबल, क्यू (रुंदीचा आकडा) ०.७०. इथे लोक हमखास चुकतात ते प्रीॲम्पमध्ये, म्हणजे एकूण आवाजाच्या पातळीत. ५.५ डेसिबल वाढवलं तर प्रीॲम्प उणे ६वर आणायलाच हवा. नाही आणला तर डग्ग्याची घुमारेदार मींड ऐन ठोक्याला फाटते आणि दोष डॅकला दिला जातो. इक्वलायझर लावला की बिट-परफेक्ट राहत नाही, हेही धरून चाला. आवाज बदलणं हेच इक्वलायझरचं काम आहे. वेव्हलेट हे लोकप्रिय ॲप अँड्रॉइडच्या मिक्सरवर चालतं. तुमचा आवाज मिक्सरमधून जातच नाही, म्हणून इथे त्याचा परिणाम होणार नाही.

प्रश्न: सीडीवरून एमपी-३ करायला पूर्वी काही प्लेअर पैसे मागायचे. आता घरातल्या दीडशे नाट्यसंगीताच्या सीडी संगणकावर घ्यायच्या आहेत. मीडियामंकी ह्या प्लेअरची गोल्ड ही विकतची आवृत्ती घ्यावी का? (ठाणे)

उत्तर: फक्त सीडी उतरवायच्या असतील तर नको. पूर्वी पैसे लागायचे ते पेटंटमुळे: एमपी-३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला परवाना शुल्क भरावं लागे, ते ग्राहकावर यायचं. एमपी-३ विकसित करणाऱ्या फ्राउनहोफर ह्या जर्मन संस्थेने तो परवाना कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी बंद केला.

विंडोजवर फूबार२००० हा प्लेअर घ्या, तो फुकट आहे. त्याच संकेतस्थळावरून 'फ्री एन्कोडर पॅक' (फ्लॅक, एमपी-३ अशा फाइली बनवणारी साधनं) वेगळा उतरवून बसवा. तो राहिला की 'एन्कोडर सापडत नाही' असा संदेश येतो आणि लोक तिथेच हात टेकतात. मग फाइल मेनूतून 'ओपन ऑडिओ सीडी', ड्राइव्ह निवडून 'रिप'. मूळ प्रत फ्लॅकमध्येच करा. पूर्ण भरलेली सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीत बसते, म्हणजे दीडशे सीडींना ६० जीबी पुरे. गाडीसाठी एमपी-३ हवं तर त्या फ्लॅकवरून लेम ह्या एमपी-३ एन्कोडरच्या व्ही-२ दर्जाने करा, सरासरी १९० केबीपीएस पडतं. शेवटी ॲक्युरेटरिपची (तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी जुळवून पाहणारी यादी) पडताळणी होते. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या यादीत नसू शकतात. तिथे 'सापडली नाही' असं आलं तर तेवढ्यावरून प्रत बिघडली असं समजू नका.

गोल्डचे पैसे वसूल होतात ते नंतर. हजारो फाइली आहेत, टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गाणं-गायकाची नावं) बदलला की फोल्डर आणि फाइलचं नाव आपोआप बदलायला हवं, फोनवर पाठवताना फ्लॅकचं एमपी-३ व्हायला हवं, अशी गरज असेल तर जरूर घ्या. त्यात एका आवृत्तीपुरता आणि आजीवन असे दोन परवाने असतात. दरवेळी नवी आवृत्ती घ्यायची सवय असेल तर आजीवन परवडतो.

प्रश्न: पॉवरॲम्प ह्या अँड्रॉइड प्लेअरचे पैसे भरले होते. नवा फोन घेतला तर पुन्हा १५ दिवसांची चाचणी सुरू झाली. बायकोच्या फोनवरही चालत नाही. (नाशिक)

उत्तर: खरेदी फोनशी नाही, गूगल खात्याशी बांधलेली असते. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या चित्रावर टिचकी मारा, फोनवरची खाती एकेक करून निवडा आणि 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मधली 'बजेट अँड हिस्टरी' पाहा. ज्या खात्यात खरेदी दिसेल, त्याच खात्यातून पॉवरॲम्प काढून पुन्हा बसवा. जुन्या पद्धतीने 'फुल व्हर्जन अनलॉकर' हे वेगळं ॲप घेतलं असेल तर तेही बसवा आणि बसवलेलं राहू द्या. नुसतंच चिन्ह दिसतं म्हणून ते काढून टाकलं की चाचणी परत सुरू होते.

घरच्यांसाठीचा नियम थोडा जाचक आहे. प्ले स्टोअरच्या फॅमिली लायब्ररीत पूर्ण ॲप म्हणून घेतलेली खरेदी वाटून घेता येते, ॲपच्या आत केलेली खरेदी येत नाही. म्हणून दोघांना एकच ॲप हवं असेल तर पैसे बाहेर घेतात की आत, हे आधी बघा.

प्रश्न: रून ह्या गाण्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा आजीवन परवाना घ्यावा का? घरी स्वतःच्या फाइली भरपूर आहेत. (पुणे)

उत्तर: रूनचा दर दरमहा १४.९९ डॉलर, वार्षिक भरल्यास महिन्याला १२.४९, आणि आजीवन ८२९.९९ डॉलर. वार्षिक हिशेब १४९.८८ होतो, म्हणजे आजीवनचे पैसे फिटायला साडेपाच वर्षं लागतात. त्यावर कार्डाचा परकी चलनाचा आकार, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. शिवाय एक संगणक दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. १५ वॅटचा धरला तरी महिन्याला १०.८ युनिट.

आमचं मत: पुण्यात बसून आजीवन घेऊ नका. रूनची खरी मजा टायडल किंवा कोबुझ ही ऑनलाइन गाण्यांची सेवा जोडल्यावर येते. स्वतःच्या फाइली आणि सेवेतलं भांडार एकाच जागी, कलाकारांवरून कलाकारांकडे जात ऐकता येतं. ह्या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे नाहीत. उरतात आपल्या फाइली. त्यातही कॅसेटवरून घरी उतरवलेल्या मैफली कुठल्याच यादीत नसतात, त्यांचे टॅग तुम्हालाच भरावे लागतील. १४ दिवसांची फुकट चाचणी मिळते. तेव्हा नीट लावलेल्या अल्बमऐवजी सगळ्यात विस्कटलेल्या २०० फाइली त्याला द्या. घरभर गाणी पोचवणं एवढंच हवं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर फुकट आहे. पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर तो हाच. रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकावरही चालतो.

प्रश्न: मराठी गाण्यांची नावं प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. पैसे भरून घेतलेल्या प्लेअरमध्ये नीट दिसतील का? (बेळगाव)

उत्तर: नाही. फाइलमध्येच प्रश्नचिन्हं लिहिली गेली असतील तर मूळ अक्षरं गेली, ती पुन्हा टाइप करावी लागतील. टोप्या-ठिपक्यांची रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत आहे, चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. विंडोजवर एमपी-३टॅग हे टॅग दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं (मॅकवर विकत आहे). त्यात टॅग लिहिण्याची पद्धत आयडी३व्ही२.३, यूटीएफ-१६ ठेवा आणि आयडी३व्ही१ लिहिणं बंद करा. त्या जुन्या टॅगमध्ये नावाला ३० बाइट जागा असते आणि देवनागरी तिथेच मोडते. गाडीच्या स्टिरिओवर चौकोन दिसत असतील तर त्यात देवनागरी फाँटच नाही. गाडीच्या पेनड्राइव्हसाठी रोमन नावांची वेगळी प्रत करा.

प्रश्न: ॲप काढून टाकलं तरी दरमहा पैसे कापले जातात. (मडगाव)

उत्तर: ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करा. भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते. वर्गणी यूपीआय ऑटोपेवर असेल तर पेमेंट ॲपमधला मँडेटही (दरमहा कपातीची दिलेली परवानगी) बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही, पण किमान २४ तास आधी सूचना येते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. प्ले स्टोअरवर चुकून खरेदी झाली असेल तर परताव्याची मागणी ४८ तासांच्या आत करा.