नवीन पाणभुंगा सापडलाय, त्याला आईचं नाव देता येईल का?

अंबाझरीजवळ रस्त्यावरच्या दिव्याखाली काळा, चकचकीत पाणभुंगा सापडला, नेटवर कुठेच जुळत नाही, म्हणून नवीन प्रजाती समजून आईचं नाव देता येईल का, असं तुम्ही विचारलंय. आईचं नाव खुशाल देता येतं. पण नेटवर जुळलं नाही हा काही पुरावा नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी पाणभुंग्यांची वर्णनं शंभर वर्षांपूर्वीच छापून झालीत आणि त्यांचे मूळ नमुने युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ‘नवीन’ म्हणूच नये. तुमचा भुंगा बोटाच्या पेराहून मोठा असेल, तर बहुधा हायड्रोफिलस ओलिव्हेशियस. त्याला 1781 पासून नाव आहे.

एमएस्सीला असताना भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारी तलावाच्या काठी कुजक्या पानांत मला हेलोकॅरिस वंशातले बारके भुंगे मिळाले. यातली मादी अंडी रेशमी पिशवीत घालून पोटाखाली घेऊन फिरते, त्यामुळे वंश लगेच कळतो. प्रजाती मात्र नरावरून ठरते. पोटाचं टोक उघडून जननांग काढायचं, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात स्वच्छ करायचं आणि ग्लिसरिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आमच्या नराच्या जननांगाच्या दोन्ही पाळ्यांची टोकं आत वळलेली होती. हाताशी असलेल्या एकाही आकृतीत तसं नव्हतं.

मी म्हटलं, सर, हे कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे पाठवू, तिथे ताडून घेऊ आणि तिथेच जमा करू. विभागप्रमुख म्हणाले, “आपल्या विभागाची वस्तू बाहेर जाणार नाही.” नमुने लाकडी कपाटात कुलूपबंद झाले. पावसाळाभर डांबरगोळ्या कोणी बदलल्या नाहीत. दिवाळीनंतर पेटी उघडली, तर भुंगे चिकटवलेल्या कार्डांवर भुकटी आणि अँथ्रीनस या सुके नमुने खाणाऱ्या किड्याच्या अळ्यांच्या केसाळ काती. माझ्या अक्षरातली लेबलं तेवढी शाबूत. ती प्रजाती नवी होती का, हे त्या भुकटीवरून आता कोणीच सांगू शकत नाही. वर निरोप समारंभात मला ऐकवलं गेलं, की याला संस्थेबद्दल आपुलकी नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. जैवविविधता कायदा 2002, कलम 39 वाचा. नवीन प्रजाती सापडली तर सरकारने नेमलेल्या भांडाराला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी असं एक भांडार म्हणजे प्राणी सर्वेक्षण. नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिताही सांगते, की होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव बेतलंय तो, कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवणार आहात, ते वर्णनातच लिहा. 2000 पासून त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. विभागाचं कपाट म्हणजे संग्रह नव्हे. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. संशोधकाची आपुलकी नमुन्याशी असावी, कुलपाशी नाही.

वर्णन फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवीच. डीएनए जरूर करा, पण नुसत्या बारकोडवर, म्हणजे ओळखीसाठी वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, प्रजाती उभी करू नका. आणि वनक्षेत्रातून भुंगे गोळा करायचे असतील तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

तुमच्याकडे एकच नमुना असेल आणि तोही मादी, तर नावाचं सध्या राहू द्या. पहिला पाऊस पडला की त्याच दिव्याखाली जाऊन नर शोधा.