बाड्यावरच्या बंद झालेल्या दुकानाची चंदेरी: काळ आणि जर कशी ओळखाल

आजेसासूबाईंची चंदेरी नऊवारी, खोक्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या महाराज बाड्याजवळच्या (चौकाजवळच्या) दुकानाचं नाव आणि दुकान केव्हाच उठलेलं. साडी किती जुनी आणि जर खरी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी खोका आणि बिल वाचा. पत्त्यात 'मध्यभारत' छापलं असेल तर काळ १९४८ ते १९५६. किंमत आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. पिनकोड ४७४००१ दिसला तर ऑगस्ट १९७२ नंतरची. छापलेले खोके संपेपर्यंत वापरले जात, म्हणून दोन्हींत तफावत आली तर बिलाचं खरं माना. शिवाय आपल्या घरांत चांगला खोका टाकतो कोण? आतली साडी भलत्याच दुकानाची असू शकते.

तेव्हा साडी उलटी करून बघा. हाताने भरलेल्या बुट्टीचा धागा तिच्यापुरताच मागेपुढे फिरतो. मागे कापलेल्या धाग्यांचे तुस दिसले तर पॉवरलूमचा संशय घ्या. ताणा (उभे धागे) रेशमी असेल तर साडी साधारण १९३० च्या दशकाच्या मागे नेऊ नका, त्याआधीची चंदेरी सुती असे.

जरीसाठी पदराच्या सुटलेल्या टोकाची इंचभर तार जाळा. केस जळल्यासारखा वास येऊन पांढरी तार उरली तर रेशमावरची चांदी, लालसर उरली तर तांबं, गोळी झाली तर प्लास्टिक. काळवंडलेली जर लिंबाने किंवा टूथपेस्टने मुळीच घासू नका, वरचा सोन्याचा पातळ थर तेवढ्यात निघून जातो.

चंदेरीच्या रेशमातला डिंक काढलेला नसतो, तिचा कडकपणा आणि पारदर्शकपणा त्यातूनच येतो. गरम पाणी आणि साबण लागला की डिंक सुटतो, कापड लुळं पडतं, धागे सरकतात. त्यामुळे घरी धुऊ नका. प्लास्टिकची पिशवी आणि डांबराच्या गोळ्या काढा, साडी धुवट मलमलीत गुंडाळा आणि तीनेक महिन्यांनी घडी बदला. घडीवर चिरलीच असेल तर रफू नको, त्याचा ताण शेजारच्या जीर्ण धाग्यांवर येतो. मागून जुनी मलमल सैल टाक्यांनी लावा.