जुना बॉबकॅट घेताना: कुठला दोष चालेल, कुठला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात गोठा आहे, थोडा ऊस आहे, घराचं बांधकाम काढलंय, कोल्हापूरकडे एक जुनं स्किड स्टीअर लोडर (आपण ज्याला बॉबकॅट म्हणतो ते, पुढे बकेट असलेलं छोटं मशीन) मिळतंय, मीटरवर ३२०० तास, रंग नवा कोरा, घ्यावं का? गोठ्यासाठी आणि बांधकामाच्या आवारासाठी घेत असाल तर जरूर बघा. उसाच्या रानासाठी घेत असाल तर नको.

हे मशीन मुळात शेड साफ करायलाच जन्माला आलं. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी ते बनवलं. शेडच्या खांबांमधनं वळेल असं काहीतरी त्याला हवं होतं. आजही गुण तोच, जागच्या जागी गर्रकन वळणं. पण वळतं ते चाकं फरफटवून. कोब्यावर टायर खातं आणि मिरग लागल्यावर चिकट रानात स्वतःलाच गाडून घेतं. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत तर पावसाळाभर त्याचं नावच काढू नका. चर आणि पाया खणायला तासावर जेसीबी बोलवा, ते स्वस्त पडतं.

आता मशीनबद्दल. मीटर आणि रंग दोन्ही विसरा. मीटर बदलता येतो, आणि रंग तर विकायला काढलेल्या प्रत्येक मशीनला मारलेला असतो.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत. सिलिंडरचं सील, होज पाइप, पिन-बुश, बकेटचं ओठ बदलणं, रेडिएटर, ही सगळी कामं बेळगावात होतात आणि खिशाला झेपतात. म्हणून असले दोष दिसले तर घाबरू नका, भाव पाडायला वापरा. उचललेली भरली बकेट दहा मिनिटांत हळूहळू खाली येते? सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह बघायला लागेल. बूम, म्हणजे बकेट उचलणारे हात, हलवल्यावर खडखड वाजतं? पिन-बुश गेलेत. पैसे कापून घ्या आणि पुढे चला.

सौदा मोडायचा तो ड्राइव्हवर. ह्यात गिअरबॉक्स-क्लच नसतो. डाव्या चाकांना तेलाच्या दाबावर चालणारी एक पंप-मोटर, उजव्यांना दुसरी, आणि मोटरपासून चाकांपर्यंत तेलाच्या पेटीतली साखळी. पंप किंवा मोटर गेली की जुन्या मशीनच्या किमतीचा मोठा घास तिथेच जातो.

बघायला जाण्याआधी इंजिन गार ठेवायला सांगा. पोचल्यावर मागचं दार उघडून ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देत असणार. मग तासभर खरं काम करून घ्या, नुसतं रिकामं फिरवू नका. गार तेल घट्ट असतं, त्यात झिजलेला पंपसुद्धा प्रेशर धरतो. तेल तापून पातळ झालं की पितळ उघडं पडतं. तापल्यावर बकेट मुरमाच्या ढिगात घाला आणि दोन्ही लिव्हर पुढे दाबा. चारही चाकं जागेवर फिरायला लागली, किंवा इंजिन दबून आवाज जड झाला, तर ठीक. पण एका बाजूची चाकं थांबली आणि इंजिनचा आवाज तसाच हलका राहिला, तर त्या बाजूचं तेल आतल्या आत पळतंय. रंग कितीही चकचकीत असो, तिथनं उठा.

सपाट जागेवर सरळही चालवून बघा. एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायर एकाच मापाचे आहेत का बघा, मग त्या बाजूच्या पंपावर संशय घ्या. साखळीच्या पेटीचा प्लग उघडायला लावा. तेल दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. पातळी वाढलेली आणि तेल पातळ असेल तर मोटरच्या सीलमधनं हायड्रोलिकचं तेल आत येतंय. चाक उचलून हाताने हलवा, नको इतका खेळ असेल तर साखळी सैल आहे किंवा बेअरिंग गेलंय. विकणारा प्लग उघडू देत नसेल, तर मला तेवढ्यावरच उत्तर मिळतं.

पूर्वी कुठे राबलंय तेही विचारा. फाउंड्रीतल्या वाळूत राबलेलं मशीन मी तरी घेणार नाही, ती वाळू एअर फिल्टरपासून पिनांपर्यंत सगळं खाते. साखर कारखान्याच्या आवारातलं असेल तर पोटाखालचा पत्रा उघडून बघा, बगॅस (उसाचा चोथा) आणि पाचट साचून तिथे आग लागू शकते. पोल्ट्रीतलं असेल तर वायरिंग आणि तळाचा गंज बघा.

कागदांचं थोडक्यात. नंबर असलेली गाडी असेल तर मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, महाराष्ट्राच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, आणि बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवणार असाल तर कर्नाटकचा केए नंबर करून घ्यावाच लागतो. नंबर नसलेलं मशीन असेल तर मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर चेसिसच्या प्लेटशी स्वतः ताडून बघा.

घरच्या वापरासाठी घेताय म्हणून एक सांगतो. मशीनमध्ये बसायला आत जायचा रस्ता समोरनं, बूमच्या खालनं आहे. बूम वर असताना लॉक लावल्याशिवाय कुणी त्याच्याखाली जायचं नाही. सीटवरचा सेफ्टी बार वर केला की लिव्हर बंद पडल्या पाहिजेत. कुणी तार बांधून तो बायपास केलेला असेल तर आधी तो नीट करून घ्या. मागचं जवळजवळ काही दिसत नाही, तेव्हा मशीन चालू असताना अंगणात पोरं नकोत. आणि कंपनी समजा ७०० किलो वजन उचलता येईल म्हणून सांगते, ते मशीन पलटी व्हायच्या वजनाच्या निम्मं असतं, तेही सपाट जागेवर. उतारावर बकेट खालीच ठेवून चालवायचं.

इसार द्यायच्या आधी गोठ्याच्या दाराची उंची आणि गव्हाणीच्या मधली वाट टेपने मोजून इथे लिहा, म्हणजे कुठल्या मापाचं मशीन बसेल ते सांगता येईल.