आमच्याशी ते कधी तसे वागले नाहीत

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलते आहे. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी अनेक वर्षं फौजदारी वकिली केली आणि आता काही संस्थांच्या, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्यामुळे माझी उत्तरं जरा कोरडी असतात. सांभाळून घ्या.

प्रश्न : मी ज्यांच्याकडे नृत्य शिकले, त्या गुरूंवर त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी लैंगिक छळाचे आरोप केले आहेत. ताई, मी त्यांच्या घरी राहून शिकले, त्यांच्याबरोबर एकटीने दौरे केले. माझ्याशी किंवा माझ्या बरोबरीच्या मुलींशी ते कधी तसे वागले नाहीत. आता आम्ही शिष्यांनी मिळून पाठिंब्याचं पत्रक काढायचं ठरतंय. सही केली नाही तर मी कृतघ्न ठरेन. काय करू?

सही करू नका.

तुम्हाला चांगला अनुभव आला, हे मी पूर्णपणे मानते. कोणी विचारलं तर तो जरूर सांगा. पण तुम्ही ज्या खोलीत होता तिथलंच तुम्ही सांगू शकता. त्या दोघी ज्या खोलीत होत्या, तिथलं तुम्हाला काय ठाऊक? असे लोक दिसेल तिच्याशी वाईट वागत सुटत नाहीत. निवड करतात. कोण घरी जाऊन सांगेल, कोणाच्या घरचे विश्वास ठेवतील, कोणाचं शिक्षण पूर्णपणे आपल्या मर्जीवर आहे, हे त्यांना बरोबर कळतं. आणि बाकीच्यांशी ते चांगले वागतात, ते पुढे उपयोगी पडतं. तुमचं पत्रक म्हणजे तोच उपयोग.

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर आठवा. कडक शिस्तीच्या त्या जगात मुलींना खाऊ देणारा, त्यांची विचारपूस करणारा हाच एक माणूस होता. उपचाराच्या नावाखाली तो अत्याचार करत असताना काही मुलींच्या आया त्याच खोलीत बसलेल्या असत. तो फक्त मध्ये अशा बेताने उभा राहायचा, की त्यांना दिसू नये. २०१४मध्ये त्याच्या विद्यापीठाने एका तक्रारीची चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरवलं, तो पुन्हा रुग्ण तपासू लागला. २०१६मध्ये रेचेल डेनहॉलंडर नावाच्या पूर्वाश्रमीच्या जिम्नॅस्टने वर्तमानपत्राकडे जाऊन स्वतःच्या नावानिशी सांगितलं, तेव्हाही ‘आमचे डॉक्टर तसे नाहीत’ म्हणणारे पुष्कळ होते. जानेवारी २०१८मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून जास्त मुली आणि बायका एकामागून एक उभ्या राहून बोलल्या. त्या आयांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना खरोखरच काही दिसलं नव्हतं.

आता पत्रकाचं सांगते, कारण त्याचं पुढे काय होतं हे सही करणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. ते फाइलला लागतं. मी बसले होते अशा एका चौकशीत तक्रारदार मुलीला समोरच्या बाजूची कागदपत्रं वाचायला दिली. त्यात पाठिंब्याच्या सह्यांचं पान होतं आणि त्यावर तिच्या वसतिगृहातल्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीची सही होती. मैत्रीण नंतर साक्षीला आली. ‘सही का केलीस?’ असं विचारल्यावर म्हणाली, कागद तालमीच्या हॉलमध्ये फिरत होता, सगळे बघत होते, माझ्याकडे पेन दिलं. आरोप खरे की खोटे याचा तिने विचारही केला नव्हता. त्या मुलीने मात्र ते पान वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायचा अर्ज आणला.

विद्येबद्दल ऋण मानायचं असेल तर माना, ते खोटं नाही. पण ऋण फेडायला दुसऱ्या मुलीची साक्ष दाबावी लागत असेल तर फेडू नका. ‘चौकशी होऊ द्या, मला विचारलं तर माझ्यापुरतं सांगेन’ एवढं बोलून थांबा. जमलं तर त्या दोघींपैकी जी ओळखीची असेल तिला फोन करा. तिची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. नुसतं ऐका. आत्ता तिला असा फोन करणारं कोणी नसेल.

प्रश्न : वीस-वीस वर्षं गप्प बसायचं आणि माणूस मोठा झाला, की नाव घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. तक्रार खरी असेल तर त्याच दिवशी पोलिसांत जायला काय होतं? खोट्या तक्रारींनी पुरुषांची आयुष्यं उद्ध्वस्त होतात, त्यावर तुम्ही कधीच लिहीत नाही.

तुमच्या पत्रातला राग मला कळतो. पण ‘त्याच दिवशी’ गेलेल्यांचं काय झालं, ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही.

रूपन देओल बजाज यांच्यापासून सुरू करू. स्वतः आयएएस अधिकारी, नवराही आयएएस. जुलै १९८८मध्ये चंदीगडच्या एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी त्यांचा विनयभंग केला. बजाज गप्प बसल्या नाहीत, त्याच महिन्यात त्यांनी पोलिसांत फिर्याद दिली. गिल तेव्हा दहशतवादाशी लढणारे वीर होते. १९८९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उच्च न्यायालयाने फिर्यादच रद्द केली. ती जिवंत करायला बजाजना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तो निकाल १९९५चा. १९९६मध्ये गिल दोषी ठरले आणि त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायला २००५ साल उजाडलं. तुरुंगात ते एक दिवसही गेले नाहीत. कायदा, इंग्रजी, ओळखी, पगार असं सगळं हाताशी असलेल्या बाईला सतरा वर्षं लागली.

आता चौदा वर्षांच्या मुलीचं बघा. ऑगस्ट १९९०, हरियाणा. तिथले पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड हेच राज्याच्या टेनिस संघटनेचे अध्यक्ष. टेनिस खेळणाऱ्या मुलीने त्यांच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार काही दिवसांतच केली. पोलीस महासंचालकांनी चौकशी केली आणि सप्टेंबरमध्येच गुन्हा नोंदवावा असा अहवाल दिला. म्हणजे व्यवस्थेला कळलं नाही असं नाही. लेखी कळलं होतं. तरी गुन्हा नोंदला गेला नाही. मुलीला शाळेतून काढलं, तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे खटले पडले आणि १९९३च्या डिसेंबरमध्ये तिने जीव दिला. राठोड बढत्या घेत महासंचालकपदाला पोहोचले. डिसेंबर २००९मध्ये त्यांना शिक्षा झाली : सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. पुढे अपिलात ती दीड वर्षाची झाली, हे खरं; २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती भोगलेल्या कैदेपुरतीच ठेवली. पण तिच्या मैत्रिणीने आणि मैत्रिणीच्या आईवडिलांनी इतकी वर्षं पाठ सोडली नाही म्हणून एवढं तरी झालं.

परदेशात वेगळं चालतं असं वाटत असेल तर जिमी सॅव्हिल घ्या. बीबीसीचा लाडका सूत्रसंचालक, रुग्णालयांसाठी लाखो पौंड गोळा करणारा, ‘सर’ हा किताब मिळालेला. १९६३मध्ये एका पुरुषाने पोलिसाला सांगितलं होतं, की सॅव्हिलने माझ्यावर बलात्कार केला. ‘विसरून जा’ असं उत्तर मिळालं. २००९मध्ये पोलिसांनी अखेर त्याची चौकशी केली, ती कुठे? ज्या रुग्णालयात त्याने अत्याचार केले होते, तिथल्या त्याच्याच ऑफिसात! तो २०११मध्ये सन्मानाने मेला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात शेकडो लोक पुढे आले.

‘माणूस मोठा झाला की बोलतात’ हे तुमचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. एक जण बोलली, की दुसरीला कळतं, आपण एकट्याच नव्हतो. शिवाय तोवर आपली नोकरी त्याच्या हातात राहिलेली नसते. काही वेळा गप्प राहणं चक्क करारात लिहून घेतलेलं असतं. हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्या कचेरीत काम करणाऱ्या झेल्डा पर्किन्सने सहकारी मुलीच्या बाजूने आवाज उठवला, तेव्हा १९९८मध्ये तिच्याकडून असाच करार करून घेतला गेला. त्या कराराची प्रतसुद्धा तिला जवळ ठेवायची परवानगी नव्हती. तिने तो मोडला २०१७मध्ये. तिला तुम्ही ‘इतकी वर्षं कुठे होतीस’ विचारणार?

पत्रकार प्रिया रमाणी यांनी छळाचा आरोप केला म्हणून त्यांच्यावर माजी संपादक आणि केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडताना नोंदवलं, की बाई दशकांनंतरही तक्रार मांडू शकते आणि सामाजिक प्रतिष्ठा असलेला माणूसही छळ करणारा असू शकतो. दुसरं वाक्य निकालपत्रात लिहावं लागतं, यातच काय ते आलं.

राहिल्या खोट्या तक्रारी. असतात. समितीत बसून तक्रार नामंजूर करणाऱ्या अहवालावर मीही सही केली आहे. चौकशी त्यासाठीच असते. मात्र सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत, तुम्हीही ठेवा. आणि नामवंत माणसाची फार काळजी करू नका. त्याचा वकील माझ्यापेक्षा चांगला असतो.

प्रश्न : मी एका सामाजिक संस्थेत व्यवस्थापक आहे. आमच्या संस्थापक-अध्यक्षांचं नाव सगळीकडे आदराने घेतलं जातं. एका कनिष्ठ सहकारी तरुणीने मला त्यांच्याबद्दल तोंडी सांगितलं. विश्वस्तांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, तिला दुसऱ्या विभागात हलवा, काही रक्कम देऊन आपसात मिटवा. बाहेर गेलं तर देणग्या थांबतील, शेकडो गरजूंचं नुकसान होईल. मी तिघांच्या मध्ये अडकलो आहे.

तुम्ही अडकलेले नाही आहात, तुम्ही खांब आहात. असं छप्पर एकटा मोठा माणूस उभारत नसतो. तारखा ठरवणारा, पाकीट पोहोचवणारा, बदलीचा कागद टाइप करणारा असे पाच-सहा जण ते पेलून धरतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण फार थोडंच केलं.

आता कायद्याचं ऐका, कारण विश्वस्तांनी सुचवलेल्यातलं जवळजवळ काहीच कायद्यात बसत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा आहे. त्यात समेट होऊ शकतो, पण तो फक्त तिनेच मागितला तर, आणि पैसे हा त्याचा पाया असू शकत नाही. बदली होऊ शकते, पण चौकशी सुरू असताना आणि तिच्या लेखी विनंतीवरून. आणि बदली त्याचीही होऊ शकते, हे कोणाला सुचत नाही. तक्रार लेखी लागते, घटनेपासून तीन महिन्यांत. समितीला आणखी तीन महिने वाढवून देता येतात. तिला लिहायला जमत नसेल तर मदत करणं समितीचं कामच आहे. आणि तुमच्या संस्थेत निर्णय अध्यक्षांच्याच हातात असतील, म्हणजे मालकाच्या जागी तेच असतील, तर तक्रार घरच्या समितीकडे न नेता जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची. तिला हे सांगा. पोलिसांचा रस्ता वेगळा आणि खुला आहे, तेही सांगा. जायचं की नाही ते ती ठरवेल.

तुम्ही स्वतः आज रात्री एक करा : तिने काय सांगितलं, कधी, विश्वस्त काय म्हणाले, हे तारखेसह लिहून ठेवा. उद्या तुमचा जबाब घेतला जाईल तेव्हा हाच कागद कामाला येईल. आणि तिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये अवाक्षर काढू नका, गुप्तता हा कायद्याचा भाग आहे.

देणग्यांचा मुद्दा मला नवा नाही. सॅव्हिलही ज्या रुग्णालयासाठी पैसे आणायचा, तिथेच मोकाट फिरायचा. त्याच्या काळात रुग्ण असलेल्या एका बाईने पुढे सांगितलं, की तो वॉर्डात यायच्या वेळी नर्सेस रुग्ण मुलींना झोपेचं सोंग घ्यायला सांगत. त्या नर्सेसना माहीत होतं. आपल्या परीने त्या मुलींना वाचवतही होत्या. आणि तो दर वेळी पुन्हा येत होता. बीबीसीबद्दलच्या २०१६च्या चौकशी अहवालातही हेच आहे, खाली कुजबुज होती, पण पडद्यावरच्या मोठ्या नावाविरुद्ध वर जाऊन बोलायची कोणाची हिंमत नव्हती. आणि पैशांचाच हिशेब करायचा तर विश्वस्तांना सांगा, नासरच्या विद्यापीठाने २०१८मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. वेळीच एका मुलीचं ऐकलं असतं तर स्वस्तात पडलं असतं. विश्वस्तांना ही भाषा बहुधा लवकर कळेल.

धोका नाही असं म्हणणार नाही. आसाराम खटल्यात साक्षीदारांचे खून झाले. तुमच्याकडे गोष्ट तिथवर जायची शक्यता कमी, पण नोकरी जाऊ शकते. वकिलाशी आधी बोला, तिच्याबरोबर नव्हे, स्वतःसाठी वेगळ्या.

प्रश्न : आरोप झालेल्या गायकाचं गाणं ऐकावं की नाही? मी एका महोत्सवाच्या निवड समितीवर आहे, म्हणून हा प्रश्न फार छळतो.

घरी काय ऐकायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यात मत नाही. निवड समितीवर बसलात की मात्र ऐकण्याचा प्रश्न संपतो आणि बोलावण्याचा सुरू होतो. त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसायला कोण मुली येतात? त्या मुलींच्या राहण्याची व्यवस्था कोण ठरवतं, तुम्ही की ते? त्यांना काही सांगायचं असेल तर तुमच्या आयोजकांपैकी कोणाचा नंबर त्यांच्याकडे असतो? याची उत्तरं लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.