डाळिंबावरच्या तेल्या रोगावर (जिवाणूमुळे पडणारे तेलकट डाग) लसूण, हळद, कडुनिंबाचा अर्क फवारला तर चालेल का? की सॅलिसिलिक ॲसिडच वापरावं?

आलेला डाग यांतल्या कशानेही जाणार नाही. तेल्याचा जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो. फवारा राहतो बाहेर.

लसणात दम आहे, पण तो टिकत नाही. पाकळी ठेचल्यावर ॲलिइन आणि ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येऊन ॲलिसिन बनतं आणि ते जिवाणूला खरोखर मारतं. मात्र लसूण आधी उकळला तर विकर मरतं, मग ॲलिसिन बनतच नाही. बनलेलंही उन्हात लवकर संपतं. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन मुळात किडींसाठी. हळदीतलं कुरक्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात टिकत नाही, म्हणून हळदीचं पाणी पानं पिवळी करण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

सॅलिसिलिक ॲसिडचं काम वेगळं. हे झाडाचं स्वतःचंच संयुग (नाव वाळुंजाच्या शास्त्रीय नावावरून, सॅलिक्सवरून आलंय). जिवाणू आल्याची वर्दी ते झाडभर पोचवतं आणि झाड संरक्षक प्रथिनं बनवायला लागतं. याला काही दिवस लागतात, म्हणून फवारणी रोग दिसण्याआधीच हवी.

प्रमाण लिटरला ०.३ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला ६० ग्रॅम. बहार धरण्याच्या (पाणी तोडून, मग देऊन झाड एकदम फुलवण्याच्या) महिनाभर आधी पहिली फवारणी, मग महिन्याच्या अंतराने, एकूण चार. भुकटी थेट टाकीत ओतली की तरंगते, गुठळ्या होतात, नोझल तुंबतात. आधी पाव लिटर स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळवा (जवळ विडी-काडी नको), मग टाकीतलं पाणी ढवळत हे द्रावण त्यात बारीक धारेने सोडा. सुया-सुयांसारखे खडे दिसले तर विरघळेपर्यंत ढवळत राहा. "जरा जास्त टाकू" हा मोह टाळा, पानांच्या कडा करपतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुना) टाकीतच हे मिसळणं. आम्लाने चुन्याचा तोल जातो, तांबं मोकळं होतं आणि कोवळी पालवी भाजते. दोन्हींत आठवडाभर तरी अंतर ठेवा.

आणि मृग बहार (जून-जुलैची फुलं) धरून पावसात फळं वाढवणार असाल, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवणार नसाल, तेलकट फळं बागेतच टाकणार असाल, तर हे ६० ग्रॅम विकत घेऊ नका. तेल्याचा इतिहास असलेल्या बागेत हस्त बहारच (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) धरा.