ट्रकमधून माल उतरवताना पडणं: 'लक्ष नव्हतं' म्हणून विषय मिटवू नका

तुम्ही लिहिलंय की सहकारी खोकी उतरवताना ट्रकच्या हौद्यातून मागच्या मागे खाली आला, मनगट मोडलं, आणि सुपरवायझर म्हणतो त्याचंच लक्ष नव्हतं. गोडाऊनमध्ये बरीच वर्षं काढलीयेत, आधी लोडिंगला मग स्टोअरला, तर हे 'लक्ष नव्हतं' मला आजवर पटलेलं नाही.

तो करत काय होता ते बघा ना. खोका दोन थप्प्यांमध्ये अडकलेला, हा ओढतोय, पाठ फाळक्याकडे, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या बाजूकडे, जोर लावला की खोका एकदम सुटतो आणि माणूस मागे जातो, एरवी एक पाऊल मागे टाकून सावरला असता पण इथे मागे हौदाच संपलेला. हौद्याची उंची जेमतेम सव्वा मीटर म्हणून कुणाला भीती वाटत नाही, पण तेवढ्या उंचीवरूनही माणूस पडताना हात टेकायला जातो आणि मनगट जातं, नाहीतर सरळ डोकं आपटतं. मीही एकदा असाच पडलोय, नशिबाने खाली रिकाम्या खोक्यांचा ढीग होता.

म्हणून पाठ कडेकडे करून ओढायचंच नाही. फाळक्याजवळच्या रांगा खाली जमिनीवर उभं राहून काढायच्या, आत शिरायचं ते नंतर. ट्रक डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला लागला की चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर) लावा, कारण फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, आतबाहेर करताना ट्रक हळूहळू पुढे सरकतो आणि मध्ये फट पडते. पॅलेटला (माल रचायच्या लाकडी फळीला) हाताने स्ट्रेच रॅप, म्हणजे ताणून गुंडाळायचं प्लास्टिक, गुंडाळताना पण तीच गत, उलटं चालत फेऱ्या मारायच्या आणि पायाखाली प्लास्टिकची पट्टी.

शिडीचं थोडक्यात: 4 फूट उंचीला बूड भिंतीपासून 1 फूट बाहेर, आणि खोका घेऊन चढायचं नाही, धरायला हात उरत नाही. फोर्कलिफ्टच्या फोर्कवर (पुढच्या दोन दांड्यांवर) पॅलेट ठेवून माणूस वर चढवणं तर 'दोनच मिनिटं' म्हणत सगळीकडे चालतं, ते मात्र सरळ नाही म्हणा, पॅलेट नुसतं ठेवलेलं असतं, कडेला पाय पडला की उलटतं.

सहकाऱ्याचं डोकं आपटलं होतं का तेही विचारा. आपटलं असेल तर पहिले एक-दोन दिवस एकटं सोडू नका, उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी यातलं काही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. आणि सुपरवायझरच्या रिपोर्टमध्ये पडताना त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, हातात काय होतं, कड किती लांब होती हे लिहायला लावा, जमलं तर हौद्याचा फोटो आजच काढून ठेवा, उद्या तो ट्रक तिथे नसेल.